नदी बंद आहे

नदी ही आपली माता आहे, याबद्दल आमच्या गावात दुमत नाही. हे वाक्य शाळेच्या भिंतीवर आहे, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे आणि पुलाच्या कठड्यावरही आहे. कठड्यावरचा 'माता' हा शब्द मागच्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या पोस्टरखाली गेला, तो अजून वर आलेला नाही. मातेकडून काही नेताना विचारायची पद्धत मात्र आमच्याकडे नाही. त्यामुळे वाळू, पाणी आणि मासे आम्ही न विचारताच नेतो. विचारून नेणारा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे सुखदेव इंगळे.

त्यांना गाव डाक्टर म्हणायचं. ते डॉक्टर नव्हते, आणि तसं ते प्रत्येक वेळी सांगायचेही. त्यांची नोकरी आरोग्य सेवकाची. सायकलवर सात-आठ गावं फिरायची, ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं, आणि पिण्याच्या विहिरींत ब्लीचिंग पावडर पडते की नाही ते बघायचं. सरकारी कागदांत या पावडरीला टीसीएल म्हणतात, म्हणून गावातही टीसीएलच. ती पाण्यात आहे का हे तपासायला एक लहानशी काचेची नळी आणि ओटी नावाचं औषध असतं. नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर पिण्यालायक. नाही झालं तर पाणी सोडणाऱ्या माणसाची धडगत नाही. पस्तीस वर्षं सुखदेवभाऊ गावोगावचं पाणी पिवळं करत फिरले.

निवृत्त झाले, तरी नळी आणि औषधाची बाटली शर्टाच्या खिशातून गेली नाही. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी ते पिण्याच्या ड्रमपाशी जायचे. आमच्याकडे मुलीच्या बापाला जेवढी धास्ती व्याह्यांची, तेवढीच या नळीची. पाणी पिवळं झालं नाही तर ते भांडत नसत. फक्त मुलीच्या बापाजवळ जाऊन हळूच म्हणायचे, "वऱ्हाड घरी पोचल्यावर तुमचं नाव काढीन, भाऊ. दिवसातून आठ वेळा." मग धावपळ व्हायची.

मी गावच्या शाळेत शिक्षक. शाळेची टाकी तपासायला ते यायचे, तिथून ओळख. पुढे कळलं की त्यांना दुसरा नाद गळ टाकून मासे धरण्याचा आहे, आणि त्यातही त्यांचे नियम नोकरीइतकेच कडक आहेत. गळाच्या टोकाला एक उलटा काटा असतो. मासा एकदा अडकला की तो काटा त्याला सुटू देत नाही. सुखदेवभाऊ नवा गळ आणला की आधी हा उलटा काटा कानशीने घासून टाकायचे. परिणाम व्हायचा तोच व्हायचा. तोंडाशी आलेला मासा झटका देऊन निघून जायचा, आणि हे त्याच्याकडे, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघायचे.

"निम्मे जातात की," मी एकदा म्हणालो.

"निम्मे येतात ना," ते म्हणाले.

माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे. पोटात अंडी असलेली मादी परत सोडायची. पिल्लांच्या घोळक्यावर राखण बसलेली मरळ समोर दिसत असली तरी तिकडे दोरी टाकायची नाही. हे सगळं ते कुणाला शिकवत नसत. विचारलं तर सांगत. खरी त्यांची शिस्त नदीचं पाणी कमी झालं की दिसायची.

आमची नदी बारमाही नाही. दिवाळीनंतर ती रोड होत जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिचे तुकडे पडतात. एका डोहातून दुसऱ्या डोहात जाणारी धार तुटते. ती नेमकी कधी तुटली, हे बघायची सुखदेवभाऊंची स्वतःची रीत होती. रोज सकाळी ते नदीवर जायचे, काठच्या कडुलिंबाचं एक पान तोडायचे आणि एका ठरलेल्या दगडापाशी पाण्यावर सोडायचे. पान वाहत खालच्या दगडापर्यंत गेलं तर नदी चालू. गळ टाकायला हरकत नाही. पान मध्येच थांबलं तर दुसरं पान सोडायचे. "एका टेस्टवर निदान करायचं नसते." दुसरंही थांबलं की घरी यायचे, दोरी गुंडाळायचे, बांबू माळ्यावर टाकायचे. नदी बंद. मग पावसाळ्यात पान पुन्हा चालेपर्यंत ते मासा धरत नसत आणि खातही नसत.

त्यांच्या पत्नी शांताबाईंना मासे मनापासून आवडत. "उपास धरते नदी," त्या म्हणायच्या, "अन् उपाशी राह्यते मी."

मी एकदा या नियमाचं कारण विचारलं. मला वाटलं, काही धार्मिक असेल. त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं.

"सर, वाहत्या पाण्यातला मासा पळू शकते. त्याची ना माझी बरोबरी हाय. थांबल्या पाण्यातला मासा म्हंजे दवाखान्यातला पेशंट. पेशंटची शिकार करत नसते."

उन्हाळ्यात हा दवाखाना एकच उरायचा. गावाच्या खालच्या अंगाला, खडकाच्या कपारीत एक खोल डोह होता. वर-खाली कोस कोस नदी कोरडी पडली तरी त्यात पाणी टिकायचं आणि आसपासचे सगळे मासे तिथे येऊन दाटीवाटीने पावसाची वाट बघायचे. पुढच्या वर्षी नदीत जे काही असणार, ते या एका डोहातून. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच उन्हाळ्यात मासे हवे असलेला माणूस सरळ तिथेच जायचा.

एका चैत्रात गावचे जावई आले. पुण्याला मोठ्या कंपनीत होते. सोबत चकचकीत दांडी, चाकावर गुंडाळलेली दोरी आणि अंगात इतके खिसे असलेलं जाकीट, की त्यातला एकही रिकामा नसेल तर माणूस बुडावा. नदी बंद आहे हे त्यांना सांगणार कोण? जावई म्हटल्यावर आमच्याकडे सूर्यालाही जरा बाजूला हो म्हणतात. त्यांनी डोहात गळ टाकला. बराच वेळ झुंजून एक रोहू बाहेर काढला, त्याला छातीशी धरून फोटो काढून घेतला, आणि जमलेल्यांना सांगितलं की आपण मासे मारत नाही, पकडून सोडून देतो, जगात आता हीच पद्धत आहे. मग त्यांनी तो सावकाश पाण्यात सोडला. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

सुखदेवभाऊ तेव्हा गर्दीत मागे उभे होते. संध्याकाळी ते जावयांच्या सासऱ्यांच्या घरी गेले, चहा घेतला आणि जावयांना म्हणाले, चला, जरा नदीवर पाय मोकळे करू. मीही गेलो. रोहू डोहाच्या कडेला पोट वर करून तरंगत होता.

"हात घाला पाण्यात," सुखदेवभाऊ म्हणाले.

जावयांनी घातला.

"कसं हाय?"

"कोमट आहे."

"पळाल्यावर तुमाले धाप लागते का नाही? तशी त्यालेबी लागते. थंड्या, वाहत्या पाण्यात ती भरून निघते. इथं कुठून भरून निघन? तुमी सोडलं ते बरं केलं, साहेब. पण पेशंटले मैदानात पळवून परत खाटेवर टाकलं, तं त्याले सोडलं म्हणत नाही."

जावई चांगला माणूस निघाला. तो वाद घालू शकला असता, वाचलेलंही पुष्कळ असावं. पण बराच वेळ तो त्या माशाकडे बघत बसला. पुढल्या वर्षी येण्याआधी त्याने सासऱ्यांना सोडून सुखदेवभाऊंना फोन केला. काका, पान चालतंय का? सुखदेवभाऊ म्हणाले, नाही. तो आला, पण दांडी न घेता. सासऱ्यांना अजून वाटतं, जावयांचं काहीतरी बिनसलं होतं.

मग नदीच्या खोलीकरणाचं काम मंजूर झालं. गाळ काढायचा, नदी रुंद आणि खोल करायची, म्हणजे पाणी जास्त थांबेल. काम चांगलंच होतं. फक्त ते सुरू होणार होतं डोहापासून, ऐन मे महिन्यात, आणि त्यासाठी आधी मोटर लावून डोह कोरडा करायचा होता. जेसीबी पाण्यात उतरत नाही.

सरपंच कविताताई. स्वतः शेती करणाऱ्या, स्वतः बोलणाऱ्या बाई. ग्रामसभेत सुखदेवभाऊ उभे राहिले. आयुष्यात त्यांना सभेत उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. डोह कोरडा केला तर काय होईल, ते त्यांनी सांगितलं. कविताताईंनी शांतपणे ऐकलं.

"डाक्टर, खोलीकरण झालं तं नदीत दुप्पट पाणी राहीन. मंग मासेच वाढतीन ना?"

"वाढतीन, ताई. पण वाढायले कोणतं तरी जितं पाह्यजे का नाही? बियाणं विकून वावर मोठं केलं, तशातली गत होईन."

मागून कुणीतरी म्हणालं, डाक्टरले रिटायर झाल्यावर मासे पेशंट भेटले. हशा झाला. कविताताई हसल्या नाहीत. बियाण्याची गोष्ट शेतकऱ्याला सांगितली की ती दुसरीकडे जात नाही. काम थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं, पण त्यांनी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? सुखदेवभाऊंनी मागितला पंचायतीचा टँकर, एक दिवस. डोहाचंच पाणी टँकरात भरायचं, शेजारच्या गावच्या भोयांकडून जाळ्याने मासे काढून त्यात टाकायचे, आणि गावाबाहेरच्या पाझर तलावात नेऊन सोडायचे. पावसाळ्यात तलावाचा सांडवा वाहिला की नाल्यावाटे ते आपोआप नदीत येतील. ताई म्हणाल्या, घ्या टँकर.

गोष्ट इथे संपली असती, पण आमच्याकडे कोणतंही चांगलं काम नुसतं करून टाकायची चाल नाही. कामाच्या उद्घाटनाला एक मोठे पाहुणे येणारच होते. मग कुणाच्या तरी मनात आलं, पहिला मासाही त्यांच्याच हस्ते टँकरात पडावा. मांडव आला. बॅनर आला, त्यावर 'मत्स्यबांधव स्थलांतर सोहळा' असं छापलं होतं, आणि बांधवांचा फोटो म्हणून एक समुद्रातला मासा. आदल्या दिवशी मांडवाच्या मंडळींनी डोह पाहिला. पाणी हिरवं, वास मारणारं. पाहुण्यांच्या हाताने मासा असल्या पाण्यात? फोटोत कसं दिसेल? सुखदेवभाऊंना न विचारता त्यांनी टँकर विहिरीच्या स्वच्छ पाण्याने भरून घेतला.

सकाळी साडेनऊलाच ऊन तापलं होतं. भोयांनी जाळी ओढली होती आणि मासे डोहाच्या कडेला, जाळ्याच्या खोळीत धरून ठेवले होते. एक रोहू मोठ्या परातीत, डोहाच्या पाण्यात, पाहुण्यांच्या हातात दिला गेला. पाहुणे टँकरच्या शिडीपाशी पोचले. सुखदेवभाऊ टँकरच्या तोटीजवळ उभे होते. मी बघत होतो. त्यांनी नाक वर केलं.

"साहेब, थांबा."

पाहुण्यांना थांबा म्हणायची आमच्या गावात प्रथा नाही, त्यामुळे सगळेच थांबले. सुखदेवभाऊंनी खिशातून नळी काढली, तोटीखाली धरली आणि दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. नुसतं पिवळं नाही, हळदीचा हात लागल्यासारखं.

गावाचं पाणी सोडणारा नामदेव तिथेच होता. वीस वर्षं सुखदेवभाऊंच्या हाताखाली शिकलेला. त्याचा चेहरा आधी फुलला. एवढा पक्का पिवळा रंग त्याच्या हातून कधी आला नव्हता. सुखदेवभाऊंनी विचारलं, टीसीएल किती टाकलं बे?

"पाहुणे येऊन राह्यले, म्हणून दोन चमचे जास्तच टाकलं. काऊन? तुमीच तं शिकवलं, टँकर टीसीएल टाकल्याबिगर हालला नाही पाह्यजे."

सुखदेवभाऊंनी नामदेवच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरोबर केलं तू. माणसासाठी एकदम बरोबर केलं. पण नामदेवा, हे माणसाले अमृत हाय अन् माशाले तेजाब. एक बी वाचणार नाही."

कार्यक्रम ठप्प झाला. ते पाणी ओतून टाका, हे कुणाच्या तोंडातून निघेना. मे महिना, पिण्याचं पाणी. मग कविताताईंनी माइक घेतला आणि सत्काराची यादी वाचायच्या ऐवजी सांगितलं की टँकरचं पाणी सोडतो आहोत, ज्याला पाहिजे त्याने भांडं घेऊन यावं. उद्घाटनाला जेवढी माणसं आली नव्हती, तेवढी बाया-माणसं दहा मिनिटांत हंडे, ड्रम, बादल्या घेऊन हजर झाली. टँकर कधी रिकामा झाला ते कळलंच नाही. तळ राहिला तो नामदेवने स्वतः आत उतरून, डोहाचं पाणी मारून तीनदा धुतला. डोह उपसायला आणलेली मोटर लावून, डोहाचं हिरवं पाणी टँकरात घेतलं.

या सगळ्याला पाऊण तास लागला. तेवढा वेळ पाहुणे परात धरून उभे होते. ती त्यांच्या हातातून काढून घ्यायची कुणाची हिंमत झाली नाही, आणि ठेवायची कुठे हे त्यांना कळेना. सुखदेवभाऊ एकदा जवळून गेले तेव्हा म्हणाले, "साहेब, सावलीत या. अन् हालवू नका, धाप लागते त्याले." पाहुणे लिंबाखाली गेले. भाषण राहिलं. मध्येच त्यांनी विचारलेलं मी ऐकलं, याला तोंड उघडून काय होतंय? सुखदेवभाऊंनी सांगितलं, श्वास घेऊन राह्यला. पाहुणे परातीकडे बघत राहिले. इतका वेळ गप्प त्यांना त्यांच्या कार्यकर्त्यांनीही पाहिलं नसावं. टँकर भरल्यावर त्यांनी हात ओले केले, मासा स्वतः सोडला, आणि फोटोग्राफर पाणी प्यायला गेला होता तरी त्याची वाट पाहिली नाही.

दुपारपर्यंत तीन खेपा झाल्या. वाटेत काही मासे मेले. तलावावर प्रत्येक खेपेला सुखदेवभाऊ गुडघाभर पाण्यात उभे राहून टँकरच्या पाण्यात थोडं थोडं तलावाचं पाणी मिसळायला लावत. एकदम सोडले तर झटका बसतो म्हणाले. शेवटचा मासा गेल्यावर ते काठावर बसले आणि पहिल्यांदा मला थकलेले दिसले. "पुढचं पावसाच्या हातात," ते म्हणाले. "तो काही ग्रामसभेत येत नाही."

पाऊस उशिरा आला, पण आला. श्रावणात सांडवा वाहिला. मासे उतरले की नाही, कुणाला कळायला मार्ग नव्हता. नदी गढूळ होती. सुखदेवभाऊ रोज जाऊन काठावर बसत. दोरी न टाकता. गावातले लोक विचारत, आले का तुमचे पेशंट? ते हात हलवत. पोळ्याच्या सुमारास पाणी निवळलं आणि एका सकाळी नामदेव त्यांना बोलवायला धावत आला. नव्या खोल डोहाच्या कडेला, पाण्याच्या वरच्या थरात, लालसर पिल्लांचा एक झुबका फिरत होता, आणि त्याच्या खाली काळपट मरळ स्थिर उभी होती. राखणीला. सुखदेवभाऊंनी ते किती तरी वेळ पाहिलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि नामदेवला विचारलं, आज टाकीत टीसीएल टाकलं का?

त्या हिवाळ्यात सुखदेवभाऊ गेले. झोपेतच, कुणाला काही त्रास न देता. आता पान नामदेव सोडतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नळाला पाणी येण्याची वेळ लिहितात, त्याच्या खाली तो खडूने लिहितो : नदी चालू, किंवा नदी बंद. पहिल्या उन्हाळ्यात लोकांनी फळ्याची थट्टा केली. दुसऱ्या उन्हाळ्यात एकजण बंद असताना डोहावर गळ घेऊन गेला, तेव्हा धुणं धुणाऱ्या बायांनी त्याला परत पाठवलं. वरच्या दोन गावांनीही आता फळे लावले आहेत. आमच्या तिन्ही गावांत आजवर एकमत झालेली ही एवढीच गोष्ट.

मी त्यांना नीट पाहिलं ते शेवटचं, ते गेले त्या वर्षी, दिवाळीच्या आधी. कविताताई दुसऱ्या तालुक्यातल्या काही महिला सरपंचांना घेऊन आल्या होत्या. नदीवर नेऊन त्यांनी सुखदेवभाऊंची ओळख करून दिली. मुक्या जीवांसाठी झटणारा माणूस, आमच्या गावचं भूषण, वगैरे. सुखदेवभाऊ पाठमोरे होते. पान नुकतंच खालच्या दगडापर्यंत जाऊन दिसेनासं झालं होतं, आणि त्यांनी दोरी टाकली होती. ताईंचं बोलणं चालू असतानाच दोरी ताणली. थोडी ओढाताण झाली, आणि एक चांगला हातभर रोहू काठावर आला. पाहुण्या बाया पुढे सरकल्या. एकीने मोबाइल वर धरला. आता ते त्याला सोडणार, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. माझ्याही असावं.

सुखदेवभाऊंनी हात ओले केले, मासा उलटा करून पोट चाचपून पाहिलं, अंडी नाहीत याची खात्री केली, दगडाने त्याच्या डोक्यावर एक नेमका घाव घातला आणि तो कापडी पिशवीत टाकला.

वर धरलेला मोबाइल खाली आला. मग एका सरपंचबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, भाऊ, मारला तुम्ही?

"चालत्या पाण्यातला होता, ताई," ते म्हणाले. "त्याले पळायले जागा होती."

दुपारी त्यांनी मला जेवायला थांबवलं. नदी बंद झाल्यापासून त्या घरात मासा शिजला नव्हता. शांताबाईंनी रस्सा फार तिखट केला होता, आणि रोहूला काटे असतात, त्यामुळे पारणं सावकाश फिटलं.